तंत्रशिक्षणातील गटकार्य : सह्या चौघांच्या, काम एकाचे

अंबा नदीच्या काठचे नागोठणे हे एके काळी खाडीतून चालणाऱ्या व्यापाराचे बंदर होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेथे इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचे गॅस क्रॅकर संकुल उभे राहिले आणि भातखाचरांच्या शेजारी रसायन उद्योगाचे उंच मनोरे दिसू लागले. 2002 साली या सार्वजनिक कंपनीचे नियंत्रण रिलायन्स उद्योगसमूहाकडे गेले आणि 2007 मध्ये ती त्यात विलीन झाली. नागोठण्यातील संकुल उभे राहत होते त्याच काळात, 1989 साली, याच मुंबई-गोवा महामार्गावर दक्षिणेस लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची स्थापना झाली. तेथे पेट्रोकेमिकल अभियांत्रिकीचा अभ्यासक्रमही आला. 2014 च्या कायद्याने या विद्यापीठाला राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. एका बाजूस उद्योग आणि दुसऱ्या बाजूस विद्यापीठ अशी जोडी रायगड जिल्ह्याच्या वाट्यास आली. कारखान्यातील तंत्रज्ञाचे काम आणि वर्गातील विद्यार्थ्याचे शिक्षण यांत कोठे अंतर पडते, हे पाहण्यास या जिल्ह्याहून सोयीची जागा नाही.

कारखान्यात कोणतेही महत्त्वाचे काम एकट्याने होत नाही. पाळी बदलताना अगोदरच्या माणसाने काय केले, कोणती झडप बंद ठेवली, कोणत्या पंपाची दुरुस्ती अर्धवट राहिली, हे नव्या पाळीच्या माणसास समजावे लागते. ते समजले नाही तर त्याने विचारावे लागते. वर्गात मात्र तीन-चार वर्षे विद्यार्थी ऐकतो, उतरवून घेतो, पाठ करतो आणि एकट्याने उत्तरपत्रिका लिहितो. साठ जणांच्या वर्गात प्रश्न विचारणारे चार-पाच असतात आणि ते बहुधा तेच ते असतात. उरलेले गप्प राहतात, याचा अर्थ त्यांना सर्व समजले असा नसतो, आणि काहीच समजले नाही असाही नसतो. आपले चुकले तर हसे होईल या भीतीने ते बोलत नाहीत.

या मौनावर उपाय म्हणून गटकार्याचे नाव आता सर्वत्र घेतले जाते. त्याला धोरणाचाही आधार आहे. जून 2014 मध्ये भारत ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सभासद झाला. या करारामुळे सभासद देश परस्परांच्या अधिस्वीकृत अभियांत्रिकी पदव्यांची बरोबरी मान्य करतात. त्या वेळी पदवीधराच्या अंगी असावयाच्या बारा गुणांची जी यादी आपल्या अधिस्वीकृती मंडळाने स्वीकारली होती, तीत ‘व्यक्ती म्हणून आणि संघात काम करण्याची क्षमता’ हा एक स्वतंत्र गुण होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पाठांतराऐवजी सहभागावर भर दिला. कागदावर काही उणे नाही. उणे आहे ते वर्गात आणि परीक्षेत.

गट नावाचा, काम एकाचे

आजही गटकार्य होतच नाही असे नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प चौघांचा असतो, प्रयोगशाळेत एका यंत्राभोवती चार-पाच जण उभे असतात, आणि परिसंवादाचे विषयही गटाने दिले जातात. परंतु बहुतेक ठिकाणी घडते ते सर्व शिक्षकांच्या परिचयाचे आहे. गटातील एक जण गणित सोडवितो किंवा संगणकाचा प्रोग्राम लिहितो. दुसरा अहवाल टंकलिखित करतो. तिसरा तो बांधून आणतो. चौथा सादरीकरणाच्या दिवशी नीटनेटके कपडे करून येतो. मुखपृष्ठावर चौघांची नावे असतात आणि गुणही चौघांना जवळपास सारखेच मिळतात. प्रयोगवहीचे तर विचारावयासच नको. एका वहीतील निरीक्षणे साऱ्या तुकडीच्या वह्यांत दशांशचिन्हासकट उतरतात.

याला विद्यार्थ्यांचा आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे निदान नव्हे. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढावयास लावून मोजमापे घेतली आणि ती 1913 साली प्रसिद्ध केली. एकट्या माणसाची ओढ 100 धरली, तर दोघे मिळून ओढताना ती प्रत्येकी 93 वर आली, तिघांत 85 वर आणि आठांच्या गटात अवघ्या 49 वर. यातील काही घट ओढण्याची वेळ न जुळल्यामुळे होती. परंतु 1974 साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात डोळे बांधलेल्या माणसास, मागे आणखी काही जण ओढीत आहेत, अशी नुसती समजूत करून दिली, तरी त्याचा जोर कमी झाला. 1979 साली टाळ्या आणि आरोळ्या यांच्यावर झालेल्या प्रयोगांतही तेच आढळले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच संशोधकांनी याची दुसरी बाजू दाखवून दिली. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जात आहे हे माणसांना कळताच ही कुचराई नाहीशी झाली.

अर्थशास्त्राला ही गोष्ट अपरिचित नाही. मँकर ऑल्सन यांनी 1965 साली सामुदायिक कृतीचे जे विवेचन केले, त्याचा गाभा हाच होता. लाभ सर्वांना सारखा मिळणार असेल आणि आपला वाटा कोणाच्या नजरेस येणार नसेल, तर सुज्ञ माणूस दुसऱ्याच्या श्रमावर विसंबतो. गट जितका मोठा, तितका हा मोह अधिक. चौघांच्या प्रकल्पाला सारखेच गुण देणारी परीक्षापद्धती विद्यार्थ्यास नेमका हाच व्यवहार शिकविते. तेव्हा दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे, आणि सुधारणाही तेथेच करावयास हवी.

खारबांधांचा धडा

हे समजण्यासाठी परदेशी प्रयोगशाळेतच जावयास हवे असे नाही. पेण, अलिबाग, नागोठणे या खाडीपट्ट्यात भरतीचे खारे पाणी अडवून भातजमीन राखणारे बांध पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. गावकरी एकत्र येऊन त्यांची निगा राखीत. या सामुदायिक श्रमाच्या व्यवस्थेस ‘जोळ’ असे नाव होते. बांधाला एका जागी खांड पडली की खारे पाणी हयगय करणाऱ्याच्याच शेतात शिरत नसे, ते सर्वांच्या शेतात शिरे. उधाणाच्या वेळी कोण धावून आला आणि कोण घरी बसला, हे साऱ्या गावाला दिसे. बांध टिकत होता तो या दोन गोष्टींवर. हानी सर्वांची होती आणि वाटा प्रत्येकाचा उघड होता. 1948 च्या मुंबई खार जमीन कायद्याने, आणि पुढे 1979 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने, बांधांची जबाबदारी मुख्यतः सरकारी यंत्रणेकडे गेली आणि जोळाची परंपरा क्षीण झाली. जबाबदारी दूरच्या कचेरीकडे गेली की खांड कोणी बुजवावी याची वाट पाहिली जाते. सामुदायिक मालमत्ता लोक स्वतः नियम करून राखू शकतात, असे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी अभ्यासिलेल्या दीर्घायुषी संस्थांतही परस्परांवरील देखरेख हा एक समान धागा होता.

अर्थात जोळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हा खोतीचा मुलूख होता. बांधावर घाम गाळणारा कूळ आणि पिकाचा मोठा वाटा नेणारा खोत हे वेगळे होते. त्याच विषमतेतून अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांना 1933 साली संप पुकारावा लागला आणि तो सहा वर्षे चालला. एकत्र काम करणे म्हणजे न्यायाने काम करणे नव्हे. वर्गातील गटालाही हे लागू आहे. ज्याचे इंग्रजी सफाईदार तो बोलतो, ज्याच्याकडे संगणक तो प्रोग्रामचा मालक होतो, आणि सुवाच्य अक्षर असलेल्या मुलीकडे लेखनिकाचे काम न विचारता येते. शिक्षकाने लक्ष दिले नाही तर गट ही विषमता झाकण्याची सोय होऊन बसते.

कारखाना आणि वर्ग

येथे एक आक्षेप येईल. ज्याला जे जमते ते त्याने करावे, हीच तर श्रमविभागणी. मग त्यात वाईट काय? ॲडम स्मिथने 1776 साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचे सामर्थ्य सांगितले, तेव्हापासून उद्योगाची सारी प्रगती तिच्यावर उभी आहे. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतही साचाकाम, जोडकाम, रंगकाम आणि डोळ्यांची आखणी ही कामे वेगवेगळ्या हातांत असतात. म्हणून तर हंगामात हजारो मूर्ती वेळेवर बाहेर पडतात.

या उदाहरणातच आक्षेपाचे उत्तर आहे. कारखान्याचे उत्पादन मूर्ती हे असते. साचाकाम करणाऱ्यास डोळे आखता आले नाहीत म्हणून मूर्ती अपुरी राहत नाही. वर्गाचे उत्पादन मात्र प्रकल्पाचा अहवाल हे नाही. अहवाल तर परीक्षा संपल्यावर कपाटात पडतो. वर्गाचे खरे उत्पादन म्हणजे त्या चौघांपैकी प्रत्येकाच्या डोक्यात निर्माण झालेले ज्ञान. हीट एक्सचेंजरचे गणित ज्याला अगोदरच येत होते त्याने ते सोडविले आणि उरलेल्या तिघांनी ते बांधून आणले, तर अहवाल उत्तम होईल, पण शिक्षण शून्य होईल. कारखान्याचा नियम वर्गात जसाच्या तसा आणल्यामुळेच गटकार्याची फसगत होते. गटाचा हिशेब गटाने काय तयार केले यावर न करता गटातील प्रत्येकाला काय आले यावर करावयास हवा.

काय केल्याने साधते

असा हिशेब ठेवला तर गटकार्य फळते, याचे पुरावे भरपूर आहेत. 1970 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात यूरी ट्राइझमन यांना दिसून आले की कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्राचा अभ्यास कष्टाने परंतु एकेकटे करीत आणि मागे पडत. चिनी वंशाचे विद्यार्थी अगोदर स्वतंत्र अभ्यास करीत आणि मग एकत्र बसून परस्परांची उत्तरे तपाशीत. ट्राइझमन यांनी कच्च्या मुलांसाठी उजळणीचे वर्ग काढण्याचे टाळले. त्यांनी लहान गटांना नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे दिली आणि त्यांवर वाद घालावयास लावले. निकाल लक्षणीय रीतीने सुधारले. 2014 साली विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांतील 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाने शिकविलेल्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण सुमारे 34 टक्के होते, तर विद्यार्थ्यांना कृतिशील ठेवणाऱ्या वर्गांत ते सुमारे 22 टक्के होते.

आपल्या वर्गाचे साधे गणित करून पाहावे. साठ मिनिटांच्या तासिकेत साठ विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकास बोलू द्यावयाचे ठरविले तर प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिट येईल आणि शिकविण्यास वेळच उरणार नाही. त्याच वर्गाचे चौघांचे पंधरा गट केले आणि वीस मिनिटे एका प्रश्नाला दिली, तर प्रत्येकास पाच मिनिटे बोलता येते, आणि चाळीस मिनिटे शिक्षकाच्या हाती राहतात. शिवाय जो विद्यार्थी साठांसमोर तोंड उघडीत नाही, तो तिघांसमोर उघडतो. तेथे तो मराठीतही बोलू शकतो, ही गोष्ट लहान नव्हे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची मुभा दिली, परंतु बहुतेक महाविद्यालयांत माध्यम इंग्रजीच राहिले. रोहा-पेणच्या मराठी शाळांतून आलेल्या मुलास ‘प्रेशर ड्रॉप’चे सूत्र पाठ असते. दाब का घटतो हे मात्र तो आपल्या भाषेत कोणाला तरी सांगू लागतो, तेव्हाच त्याला ते उमगते.

परंतु त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. गट तीन-चार जणांचाच असावा आणि तो शिक्षकाने करावा. मित्रांवर सोपविल्यास हुशार हुशारांकडे जातात आणि उरलेल्यांचा गट उरतो. प्रश्न असा असावा की त्याचे तुकडे पाडून वाटून घेता येणार नाहीत. त्यात निर्णय करावा लागावा आणि त्याची कारणे द्यावी लागावीत. प्रत्येकाने अगोदर पाच मिनिटे स्वतंत्र विचार करून आपले उत्तर कागदावर लिहावे, मगच चर्चा व्हावी. लेखनिकाचे आणि निवेदकाचे काम आळीपाळीने फिरावे. शेवटी गटातर्फे कोणी उत्तर सांगावयाचे हे त्या क्षणी चिठ्ठीने ठरावे. आपल्यातील कोणाचीही पाळी येऊ शकते हे ठाऊक असले, की जाणता विद्यार्थी अजाणत्यास समजावून सांगितल्याखेरीज राहत नाही. तेथे शिकविणाराही शिकतो.

गुणांचे काय, हा कळीचा प्रश्न आहे. लोणेऱ्याच्या विद्यापीठात अनेक लेखी विषयांना सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे 20, सत्रमध्य परीक्षेचे 20 आणि सत्रान्त परीक्षेचे 60 गुण अशी विभागणी आहे. यांपैकी पहिले 20 गुण शिक्षकाच्या हाती असतात. त्यांतील 10 गुण गटात हाताळलेल्या विषयावरील छोट्या वैयक्तिक लेखी चाचणीला, 5 चिठ्ठीने निवडलेल्या सभासदाच्या तोंडी स्पष्टीकरणाला आणि केवळ 5 गटाच्या लेखी कामाला ठेवता येतील. म्हणजे पंधरा गुण ज्याचे त्याने समजून घेण्यावर अवलंबून राहतील, आणि सोबत्याला समजावून देण्यात प्रत्येकाचा थोडा स्वार्थही राहील. पंधरा गटांना प्रत्येकी दहा मिनिटे दिली तर तोंडी परीक्षेस अडीच तास लागतात. दोन-तीन प्रात्यक्षिकांच्या वेळात ते सहज बसतात. यासाठी नवा कायदा नको, नवी इमारतही नको.

अडचणी खऱ्या आहेत

तरीही हा भार शिक्षकाने एकट्याने उचलावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. परिषदेने पदवी अभियांत्रिकीसाठी शिक्षक-विद्यार्थी प्रमाण 2018 साली एकास पंधरावरून एकास वीसवर नेले, आणि 2024 पासून प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादाही उठविली. वर्ग फुगत जातील आणि शिक्षक तासिकेवर किंवा कंत्राटावर नेमले जातील, तर पंधरा गटांमधून फिरून चर्चा ऐकण्यास कोण उरणार? गटकार्य हे शिक्षकांची संख्या कमी करण्याचे साधन आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. त्याला व्याख्यानाहून अधिक तयारी लागते.

दुसरी अडचण वेळेची आहे. वसतिगृहातील मुले रात्री एकत्र बसू शकतात. नागोठणे, कोलाड, रोहा येथून रोज ये-जा करणाऱ्यांस तसे करता येत नाही. महामार्गाचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या रस्त्यावरून घरी पोचण्याच्या विवंचनेत असलेल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, ‘संध्याकाळी थांबून प्रकल्प करा’ असे सांगणे म्हणजे तिला गटाबाहेर ठेवणेच होय. म्हणून गटकार्याची वेळ वेळापत्रकातच असली पाहिजे. अभ्यासक्रम पुरा होणार नाही, ही तिसरी तक्रार असते. तिला उत्तर एवढेच की फळ्यावर पुरा झालेला अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या ठायी पुरा झाला असे मानण्याची सवय आता सोडावयास हवी.

हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर स्फोट होऊन 167 माणसे मृत्युमुखी पडली. एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढली आहे ही माहिती दिवसपाळीकडून रात्रपाळीकडे नीट पोचली नाही, असे लॉर्ड कलन यांच्या चौकशीत निष्पन्न झाले. त्या माणसांपाशी तांत्रिक ज्ञान नव्हते असे कोणी म्हणणार नाही. एकाजवळ असलेले ज्ञान दुसऱ्याजवळ गेले नाही. नोव्हेंबर 1990 मध्ये नागोठण्याच्या संकुलात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा वेगळा विषय आहे. परंतु अशा उद्योगाच्या कुशीत राहणाऱ्या गावांना एक गोष्ट मागण्याचा हक्क निश्चित आहे. तेथे उद्या काम करणारा तंत्रज्ञ न समजलेले विचारणारा, समजलेले सांगणारा आणि आपल्या सहीची जबाबदारी घेणारा असावा. आज न केलेल्या प्रयोगाखाली सही करण्याची सवय ज्याला महाविद्यालयात लागते, तो उद्या न पाहिलेल्या झडपेच्या तपासणीपत्रावर सही करणार नाही, याची हमी कोण देणार?

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी गटकार्याची शिफारस पुष्कळदा केली आहे. आता त्यांनी एक पाऊल पुढे जाऊन चौघांना एकच गुण देण्याची प्रथा बंद करावी आणि प्रत्येकाचा वाटा उघड होईल अशी मूल्यमापनाची रीत घालून द्यावी. प्राचार्यांनी त्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवावा, आणि शासनाने रिक्त जागा भरून शिक्षक द्यावेत. विद्यार्थ्यांनीही, ज्या कामाचे स्पष्टीकरण आपल्याला देता येत नाही त्यावर आपले नाव घालू नये. एवढे झाले तर साठांच्या वर्गातील ते मौन सुटावयास फार काळ लागणार नाही.